गाठोड्यांच्या खोलीतला वाघ

हवालदार दिसायला अगदीच काटकुळे. गणवेशाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल व्हायचा, म्हणून बायकोने दाभणाने त्याला आणखी दोन भोकं पाडून दिली होती. तरी घरात, शेजारात आणि सासुरवाडीला त्यांना ‘वाघ’ म्हणत. तुरुंगाच्या नोकरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस, तीही फाशी यार्डावर, म्हणजे वाघच असणार असं सगळे धरून चालले होते. आणि तसं धरून चालले होते, कारण हवालदारांनी स्वतःच त्यांना तसं सांगितलं होतं.

खरी गोष्ट अशी, की फाशी यार्ड त्यांनी उभ्या नोकरीत दोनदा पाहिलं. एकदा पहिल्या दिवशी, नव्या शिपायांना दाखवतात तसं, आणि एकदा तिथे कुणाचा तरी टॉवेल वाळत राहिला होता तो आणायला. पहिले दोन महिने सोडले, तर बाकी सगळी नोकरी त्यांनी गाठोड्यांच्या खोलीत केली.

माणूस तुरुंगात आला की त्याच्या अंगावरचे कपडे, घड्याळ, चपला, खिशात जे काय असेल ते काढून घेतात आणि तुरुंगाचे कपडे देतात. काढून घेतलेल्या सामानाचं गाठोडं बांधायचं, त्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला लावायचा आणि माणूस सुटेपर्यंत सांभाळायचं. कुणी तीन महिन्यांनी सुटतो, कुणी चौदा वर्षांनी. ही पद्धत तुरुंग बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाने घालून दिली. साहेब गेला, पद्धत राहिली. फक्त ‘सांभाळायचं’ म्हणजे काय, हे साहेबाने लिहून ठेवलं नव्हतं. त्यामुळे गाठोडी फडताळावर टाकून द्यायची आणि मधली वर्षं उंदरांच्या हवाली करायची, अशी रीत पडली होती.

हवालदार तिथे पोचले ते शिक्षा म्हणून. नवीन असताना ते मोठ्या दारावर पहाऱ्याला होते. एका सकाळी एक माणूस अकरा वर्षांनी सुटला. त्याचा शर्ट गाठोड्यातून काढला, त्याने हात घातला आणि बाही निघून हातात आली. पाठीची तर कसरीच्या किड्यांनी चाळणी केली होती. बाहेर त्याचा थोरला भाऊ त्याला न्यायला उभा होता, आणि हा आत दोन तुकडे छातीशी धरून उभा. हवालदारांना ते बघवेना. त्यांनी आपल्या अंगातला सरकारी शर्ट काढून त्याला दिला आणि राहिलेला पहारा बनियनवर केला. मोठे जेलर नेमके तेव्हाच आले. कपड्यांचा एवढा कळवळा आहे ना, मग महिनाभर बस गाठोड्यांत, असा हुकूम सुटला. महिना संपला तेव्हा परत बोलवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि हवालदारांनी काही आठवण करून दिली नाही.

त्यांना ती खोली आवडली होती. वर्षातून दोनदा सगळी गाठोडी गच्चीवर नेऊन ते त्यांना ऊन दाखवायचे. चपलांना तेल, घड्याळांना आठवड्याची चावी, लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या. उसवलं असेल ते शिवायचं, बटण गेलं असेल तर लावायचं. आणि दर वर्षी प्रत्येक कपड्याची घडी बदलायची. एकाच घडीवर कापड वर्षानुवर्षं राहिलं की तिथेच फाटतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, फाटलेले कपडे बघून कळलं होतं. शिपाईमंडळी त्यांना ‘गाठोडे’ म्हणू लागली. हवालदारांना त्याचंही काही वाटलं नाही. माणूस चौदा वर्षांनी बाहेर पडताना स्वतःच्या शर्टात बाहेर पडायचा, आरशात बघायचा आणि थोडा वेळ तरी त्याला आपण तेच आहोत असं वाटायचं. हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं, मग नावं ठेवणाऱ्यांकडे कोण लक्ष देतो.

थाप मारली ती लग्न ठरताना. सासरे दगडाच्या खाणीवर मुकादम होते. त्यांचा नुसता पंजा बघून हवालदारांनी आपले हात पाठीमागे घेतले. तुरुंगात नेमकं काय करता, असं सासऱ्यांनी विचारलं. मुलगी दाराशी उभी होती, गळ्यात मापाची फीत तशीच राहिलेली, आणि हवालदारांकडे टक लावून बघत होती. आता अशा वेळी कोणता माणूस म्हणेल की मी कैद्यांच्या विजारींच्या घड्या घालतो? हवालदारांच्या तोंडून निघून गेलं, की फाशी यार्डावर असतो. सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप दिली की ते दोन पावलं पुढे गेले, आणि लग्न ठरलं.

एका वाक्याची थाप पुढे उभी नोकरीभर पोसावी लागली. अंगाला डांबरगोळ्यांचा वास का येतो, तर तिकडे जंतू फार, औषध मारतात. हातावर सुईच्या टोचण्या कसल्या, तर काटेरी तार. सगळ्यात वाईट म्हणजे घरात कपड्याला हात लावायची सोय उरली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सवयीने चादर झटकून कोपऱ्याला कोपरा लावला. बायको बघतेय हे लक्षात आलं, तशी त्यांनी चादरीचा बोळा करून पलंगावर फेकला. तेव्हापासून घरातले कपडे फेकायचे, ही त्यांची ख्याती झाली. वाघ काय चादरी आवरत बसणार, असं बायको शेजारणींना सांगायची. आणि स्वतः शाळेच्या गणवेशांची शिवणकामं उरकून रात्री चादरी आवरायची.

बायकोला सगळे हवालदारीणबाई म्हणत. तुरुंगाच्या भिंतीला लागून असलेल्या वसाहतीत तिचा संसार झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भिंत दिसायची, भिंतीपलीकडचं काही दिसायचं नाही. कुटुंबातल्या माणसांना आत सोडत नसत. नवऱ्याचा डबासुद्धा दारावर उघडून, चाचपून आत जायचा. त्या भिंतीपलीकडे आपला नवरा कसा उभा राहतो, कसा दरडावतो, हे एकदा डोळ्यांनी बघायचं, ही तिची जन्माची हौस. ती काही पुरी झाली नाही. हवालदार निवृत्त झाले, त्याच वर्षी जुना तुरुंग बंद पडला आणि कैदी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेले.

मग बाईंनी ती हौस दुसरीकडे भागवायला सुरुवात केली. निवृत्त माणसांना बसमधून हिंडवणारा एक सहलवाला होता. साहेबाच्या काळातल्या जुन्या जागा दाखवणं ही त्याची खासियत: जकातीची कचेरी, गव्हर्नराचा बंगला, घड्याळाचा मनोरा, गोऱ्यांची दफनभूमी आणि जुने तुरुंग. बाकीच्या बायका गव्हर्नराच्या बंगल्यातलं झुंबर बघायला यायच्या. आमच्या बाई झुंबराकडे ढुंकून बघायच्या नाहीत. त्या तुरुंगाची वाट बघायच्या. चार वर्षांत सात तुरुंग झाले. प्रत्येक ठिकाणी कोठडी दाखवणाऱ्या गाइडला त्या मधेच थांबवायच्या आणि नवऱ्याला पुढे करायच्या. “यांना विचारा. हे फाशी यार्डावर होते.”

की झालं. सगळी सहल हवालदारांकडे वळायची. सहलीत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांच्याकडे छोटी वही होती आणि त्यांना सगळं टिपून घ्यायची खोड होती. दोर कसला असतो, असं त्यांनी विचारलं, तर हवालदार म्हणाले, चांगला असतो. पोस्टमास्तरांनी लिहून घेतलं. एका तुरुंगात बाईंच्या आग्रहाखातर हवालदारांनी पायात बेडी घालून दाखवली आणि ती गंजलेली बेडी काही केल्या निघेना. चाळीस मिनिटं तेलपाणी चाललं होतं. तेवढा वेळ हवालदार, कैद्याला काय वाटतं ते शिपायाला कळायला हवं म्हणून आपण मुद्दाम अडकवून घेतलं, असं शांतपणे सांगत होते. बाई अभिमानाने फुलून गेल्या होत्या.

आठव्या सहलीचं पत्रक आलं आणि हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचाच तुरुंग. रंगरंगोटी करून, तिकीट लावून लोकांना खुला केलेला. बाईंनी विचारलंसुद्धा नाही, दोन जागा नोंदवून टाकल्या आणि ते पत्रक आरशाच्या कडेला खोचून ठेवलं.

त्या आठवड्यात हवालदारांना झोप अशी लागलीच नाही. थाप उघडी पडली तर लोक हसतील, हसू देत. पण ही काय म्हणेल? इतकी वर्षं जिने चार लोकांत मान वर करून वाघ वाघ केलं, तिला उद्या त्याच चार लोकांत खाली बघावं लागणार. त्यांनी आधी तापाचं सोंग करून बघितलं, बाईंनी गोळी दिली. मग गुडघा दुखवला, बाईंनी काठी आणली. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की सहलीच्या लोकांना मनोरा दाखवतील, कोठड्या दाखवतील, फाशीचा खांब दाखवतील. स्वयंपाकघरामागची गाठोड्यांची खोली बघायला कोण पैसे मोजणार आहे? हे पटल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. इस्त्री अर्थात बाईंनीच केलेली.

मोठ्या दारातल्या छोट्या दारातून वाकून आत जावं लागतं. हवालदार सवयीने बरोबर तेवढेच वाकले, बाकी सगळ्यांनी डोकी आपटून घेतली. आणि आत पाऊल टाकतात तोच कानावर हाक आली.

“काय रे गाठोडे!”

दाराशी त्यांचा जुना जोडीदार बसला होता. निवृत्त झाल्यावर त्याला इथेच दारवान म्हणून ठेवून घेतलं होतं. माणूस मनाने सोन्यासारखा आणि आवाजाने नगाऱ्यासारखा. गाठोडे का म्हणतात, असं बाईंनी विचारलंच. कैद्यांची वळून गाठोडी करायचो म्हणून, असं हवालदारांनी ठोकून दिलं. दारवानाचा चहा नाकात गेला. पण वहिनींचा चेहरा बघून तो काय ते समजला आणि खोकल्यावर निभावून नेलं. पुढे मात्र तो कामधाम सोडून सहलीच्या मागे मागे हिंडू लागला. असा तमाशा फुकट बघायला मिळत असताना दारावर कोण बसतो.

गाइड म्हणजे एक चटपटीत मुलगी होती. पाठ केलेलं भराभर बोलायची, पण मन लावून बोलायची. मधला मनोरा, मनोऱ्यापासून चांदणीसारख्या फुटलेल्या बराकी, धान्य दळायच्या चक्क्या, सगळं तिने दाखवलं. बाई प्रत्येक गजाला हात लावत होत्या. इथून तुम्ही जायचा? इथे उभे राहायचा? हवालदार नुसते हं हं करत होते. फाशी यार्डात पोचल्यावर अपेक्षेप्रमाणे बाईंनी त्यांना पुढे केलं. सगळे गप्प झाले, पोस्टमास्तरांनी वही काढली, मागे दारवान तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. हवालदारांनी खांबाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग ते म्हणाले, “इथे बोलायचं नसतं.”

त्याचा असा काही परिणाम झाला की सगळी सहल दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हवालदारांना वाटलं, सुटलो. इतकं हलकं त्यांना आठवडाभरात वाटलं नव्हतं.

“आता शेवटची खोली,” गाइड म्हणाली, “सगळ्यांना सर्वांत जास्त आवडते ती.” आणि ती स्वयंपाकघराच्या मागे वळली.

खोलीत शिरताच डांबरगोळ्यांचा तो वास आला नाही, हे हवालदारांना आधी जाणवलं. फडताळं तीच होती. मधोमध एक लांब टेबल मांडलं होतं, भोवती दोरी बांधली होती. कुणीच न नेलेली अकरा गाठोडी सोडून त्यांतले कपडे टेबलावर ठेवले होते. वर पाटी होती: फाशी दिलेल्या कैद्यांचे अखेरचे कपडे. बायकांनी हळहळ केली. पोस्टमास्तरांनी टोपी काढली.

म्हणजे पाटीसुद्धा हवालदारांच्याच बाजूने होती. मूग गिळून पाच मिनिटं उभं राहायचं, की वाघ तो वाघच राहिला असता. त्यांनी तसं ठरवलंही. पण त्यांची नजर टेबलाच्या टोकाला गेली. तिथे एक लाल कोट होता, बँडवाल्याचा, पितळी बटणांचा. सतरा वर्षं त्यांनी तो सांभाळला होता. आता तो चार वर्षं एकाच घडीवर पडून होता आणि कॉलरवर टाचणीने टोचावीत तशी बारीक बारीक भोकं दिसत होती. कसर लागली होती. शेजारी एक जाड घोंगडी होती, तिला तर कुणीतरी गुंडाळी करून कोंबली होती.

हवालदार दोरीखालून आत गेले. गाइड म्हणाली, काका, हात लावू नका. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कोट उचलून झटकला, बाह्या आत घेतल्या, जुन्या घडीपासून चार बोटं सोडून नवी घडी घातली, घडीत शेजारचा मलमलचा तुकडा गुंडाळून सारला. चार हालचालींत कोट पुस्तकासारखा झाला. मग घोंगडी उघडली. ती एकट्याच्या हातात मावणारी नव्हती. वर न बघता ते म्हणाले, “अगं, ते टोक धर.”

समोरून टोक धरलं गेलं. घोंगडी ताणली, झटकली, कोपऱ्याला कोपरा आला, दोघं पुढे आली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. शेवटची घडी हातात घेताना हवालदारांची बोटं समोरच्या बोटांना लागली आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की टोक कुणी धरलंय.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. ज्याने लग्नापासून घरातली चादर बोळा करून फेकली, त्या माणसाकडे.

तुम्हाला हे कसं येतं, असं गाइडने विचारलं. उत्तर दारवानाने दिलं. त्याला आता राहवलंच नाही. “अहो ताई, त्यांना काय विचारता? ही खोलीच त्यांची. त्यांच्यासारखे कपडे कुणी सांभाळले नाहीत, पुढे कुणी सांभाळायचा नाही.” बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. पोस्टमास्तर वहीची पानं मागे उलटत हळूच म्हणाले, की पण तुम्ही तर फाशी यार्डावर होतात. हवालदारांनी घोंगडीची घडी टेबलावर नीट ठेवली. पितळ उघडं पडलं होतं.

बाईंनी मात्र पुढे होऊन त्या लाल कोटाची बाही उलटवून बघितली. कोपरावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्या बाहेर निघून गेल्या.

हवालदारांना लगेच मागे जायचं होतं, पण सहलीने त्यांना घेरलं. हा कोट ज्याचा, त्याला फाशी कधी झाली, असं कुणीतरी विचारलं, आणि खोटं त्यांना आणखी सोसवेना. कसली फाशी, ते म्हणाले. सहा वर्षांची शिक्षा होती, पैकी चार वर्षं त्याने तुरुंगाच्या स्वयंपाकघरात काढली. सुटला तेव्हा इतका सुटला होता की कोटात एक हात जाईना. म्हणाला, ठेवा, बारीक झालो की नेतो. मागच्या वर्षी भाजीबाजारात भेटला होता, आणखी जाड झालाय. सगळे हसले. मग त्या चपला कुणाच्या, ती घोंगडी कुणाची, असं एकेक सुरू झालं. चपलांचा मालक पहाटे सुटला आणि आनंदात अनवाणीच पळाला होता. पळायचं काही कारण नव्हतं, दार उघडंच होतं. गाइड पाठ केलेलं विसरून ऐकत बसली आणि पोस्टमास्तरांनी फाशी यार्डाची तीन पानं खोडून नवीन पान सुरू केलं. हवालदारांचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

अखेर ते सुटून बाहेर आले. अंगणात भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर बाई बसल्या होत्या. ते शेजारी बसले, म्हणजे मधे एका माणसाची जागा सोडून बसले.

बाई म्हणाल्या, “माझ्या घरात इतक्या वर्षांत एक उशीचा अभ्रा घातला नाहीत तुम्ही.”

फसवणुकीबद्दल ऐकायची हवालदारांची तयारी होती. अभ्र्याबद्दल ऐकायची नव्हती. तुला लाज वाटली असती, असं ते कसंबसं म्हणाले. तुझ्या वडिलांना तू काय सांगितलं असतंस, की नवरा कैद्यांच्या शर्टांना बटणं लावतो?

बाईंनी खरोखर विचार केला. “बाबांना नसतं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “पण मला सांगायला काय झालं होतं?”

तेव्हा हवालदारांना भीती वाटली होती, आणि पुढे दर वर्षी ती आदल्या वर्षापेक्षा जास्त वाटत गेली. चुकलं, असं ते म्हणाले. त्यांनी मान इतकी खाली घातली होती की बाकाशीच बोलत असल्यासारखं दिसत होतं.

“त्या कोटाच्या कोपरावर रफू आहे,” बाई म्हणाल्या. “डोळ्याला दिसला नाही मला, बोटाला लागला. कुणाचा?”

“माझा.”

“दोरा संपतो तिथे एक उलटा टाका घालून तो आत दडवलाय. असं माझी मावशी करायची आणि मी करते. तिसऱ्या कुणाचा असा टाका मी आजवर पाहिला नाही. कुठे शिकलात?”

हवालदार म्हणाले, “संध्याकाळी तू मशीन बंद करून हातशिलाईला बसायचीस. मी समोर बसायचो.”

“पेपर वाचत.”

“पेपर धरून. मधे एक भोक पाडलेलं असायचं.”

बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

“तू केलेलं बघायचो आणि दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन तसं करायचो,” हवालदार सांगू लागले. “पहिले पाचसहा शर्ट बिघडवले. मग यायला लागलं. तुझं बघितलं नसतं तर मला नुसत्या घड्याच आल्या असत्या.”

किती कपडे केलेत असे, असं बाईंनी विचारलं. मोजले नाहीत, हवालदार म्हणाले, दिवसाला एखादा तरी धर. बाई हिशेब करायला गेल्या आणि मधेच थांबल्या. भिंत त्यांच्या अगदी पाठीशी होती, तीच भिंत, फक्त आता त्या तिच्या आतल्या बाजूला बसल्या होत्या.

“म्हणजे इतकी माणसं माझ्या टाक्याने घरी गेली,” त्या म्हणाल्या. “आणि मला कुणी सांगितलंही नाही.”

हवालदारांनी या बाजूने कधी विचारच केला नव्हता. ते एवढंच म्हणाले, की हो, गेली. बाईंचा चेहरा बघून आता त्या रडतात की रागावतात हे त्यांना समजेना. बाईंनी दोन्ही केलं. डोळे पुसले, नाक पुसलं, उद्यापासून घरातले सगळे अभ्रे आणि चादरी तुमच्याकडे, असं बजावलं, आणि मग पिशवी उघडून सुईदोऱ्याची डबी काढली. ती त्यांच्याकडे कायम असायची.

“चला आत. त्या कॉलरला कसर लागलीय. तशीच सोडून जाणार होतात की काय?”

गाइडने आधी इथल्या साहेबांना विचारावं लागेल म्हटलं, आणि मग दारवानाकडे बघून दोरी वर धरली. फाशीची पाटी तिने तोवर स्वतःच उतरवून फडताळामागे ठेवली होती. बाहेर बसवाला भोंगा वाजवत होता, पोस्टमास्तर त्याला जरा दम धरा म्हणून सांगत होते. आत ती दोघं कोटाच्या दोन बाजूंना बसली होती. बाई टाका घालत होत्या, आणि हवालदार तोंडासमोर काहीही न धरता बाईंच्या हाताकडे बघत होते.